जुन्या ट्रकचा ऑइल प्रेशर गेज खरे सांगतो आहे का, हे कसे तपासावे

ऑइल प्रेशर गेजचा काटा भलतेसलते दाखवू लागला की दोन चुका हमखास होतात. काही जण मीटरच खराब आहे असे ठरवून त्याच्याकडे पाहणे सोडून देतात, आणि काही जण काटा खाली आला म्हणून थेट ऑइल चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवून चांगली बेअरिंगे बदलतात. पहिली चूक इंजिनाचा घास घेऊ शकते, तर दुसरीत पैसा आणि वेळ खर्च होऊनही काटा होता तिथेच राहतो. हे टाळायचे असेल तर इंजिनात दाब खरोखर किती आहे आणि गेज तो दाब जसाच्या तसा दाखवतो आहे का, हे दोन प्रश्न सुरुवातीपासून वेगळे ठेवावे लागतात. पहिल्याचे उत्तर इंजिनाच्या ऑइल गॅलरीला, म्हणजे दाबाखालचे ऑइल वाहून नेणाऱ्या मुख्य वाटेला, थेट जोडलेला दुसरा, खात्रीचा यांत्रिक गेजच देऊ शकतो. तोपर्यंत दाब खरोखर कमी आहे असे धरूनच वागावे, कारण ऑइलविना फिरणारी बेअरिंगे निकामी व्हायला काही क्षणही पुरतात.

म्हणून चालत्या ट्रकमध्ये काटा एकाएकी शून्यावर आला तर प्रथम सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. काही मिनिटे थांबून, ऑइल चेंबरमध्ये उतरल्यावर, सपाट जागेवर डिपस्टिक पाहावी आणि गाडीखाली ऑइल सांडले आहे का ते बघावे. बहुतेक गाड्यांमध्ये काट्यासोबत लाल दिवाही असतो. त्याचा स्विच साधारण ०.३ ते ०.६ बार, म्हणजे ४ ते ९ पौंड (प्रति चौरस इंच) दाबाच्या आसपास दिवा लावतो, त्यामुळे दिवा लागेपर्यंत दाब जवळजवळ संपलेला असतो. काटा आणि दिवा दोघेही एकाच वेळी वाईट बातमी देत असतील तर ती खरी मानावी आणि स्वतंत्र गेज लावल्याशिवाय इंजिन पुन्हा सुरू करू नये. काटा शून्यावर असून दिवा मात्र लागत नसेल तर शंका गेजकडे वळते, पण त्याआधी किल्ली फिरवल्यावर आणि इंजिन सुरू होण्यापूर्वी तो दिवा लागतो का, हे पाहिलेच पाहिजे. जळालेल्या बल्बचा दिवाही विझलेलाच दिसतो.

काटा कसा हलतो

माझ्या अनुभवात काटा कुठे उभा आहे यापेक्षा तो कसा हलतो यावरून जास्त कळते. ऑइलच्या खऱ्या दाबाला ठरावीक वागणूक असते. इंजिन थंड असताना ऑइल घट्ट असते, म्हणून दाब जास्त राहतो. ऑइल तापत जाते तसा तो हळूहळू उतरतो, रेस दिली की चढतो, सोडली की खाली येतो, आणि थंड इंजिनाला जास्त रेस दिली तर जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडल्यामुळे एका मर्यादेवर थबकतो. इंजिनाच्या फेऱ्यांशी किंवा तापमानाशी काहीही संबंध नसलेली हालचाल काटा करत असेल, तर ती बहुधा विजेच्या जोडणीतून आलेली असते.

इंडिकेटर लावल्यावर काटा त्याच ठेक्यात थरथरत असेल, किंवा हेडलाइट लावताच एका बाजूला सरकत असेल, तर डॅशबोर्डच्या मीटर पॅनेलचे अर्थिंग कमकुवत आहे असे समजावे. दिव्यांच्या विजेला परतीची नीट वाट मिळाली नाही की ती गेजच्या वायरीतून वाट काढते. खड्ड्यातून जाताना काटा क्षणात टोकाला जाऊन परत येत असेल तर वायर कुठेतरी घासून उघडी पडली आहे किंवा तिचे टर्मिनल सैल आहे. ऑइलसोबत तापमान आणि डिझेलचे काटेही एकाच दिशेने चुकत असतील तर त्यांना सामाईक असलेला व्होल्टेज स्टॅबिलायझर (गेजना स्थिर व्होल्टेज देणारा भाग), पॅनेलचा फ्यूज किंवा अर्थिंग पाहावे. अशा वेळी इंजिनाला हात लावायचे काहीच कारण नसते.

याउलट, जोरात ब्रेक लावल्यावर, तीव्र वळणावर किंवा चढावरच काटा पडत असेल तर ते गेजचे खोटे म्हणून सोडून देऊ नये. चेंबरमधील ऑइल एका बाजूला धावले की पातळी कमी असल्यास पंपाच्या जाळीत हवा शिरते आणि दाब खरोखरच पडतो. तसेच, तासाभराच्या भारासहित धावण्यानंतरच आयडलिंगला काटा खाली येत असेल तर ती पातळ झालेल्या ऑइलाची आणि झिजलेल्या बेअरिंगांची खूण असू शकते.

आणखी एक सोपी तपासणी इंजिन बंद असतानाच होते. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रकची किल्ली फिरवावी, पण इंजिन सुरू करू नये. या स्थितीत दाब नक्की शून्य असतो, म्हणून काटाही शून्यावरच हवा. तो एक किंवा दोन बार दाखवत असेल तर गेज, वायर किंवा सेंडर (इंजिनावरचा, दाब ओळखून गेजला कळवणारा भाग) यांपैकी काहीतरी बिघडलेले आहे हे इंजिन न फिरवताच सिद्ध होते.

आपल्या गाडीत कोणत्या जातीचा गेज आहे

पुढची तपासणी गेजच्या जातीवर अवलंबून असते. पुष्कळ जुन्या ट्रकमध्ये यांत्रिक गेज असतो, म्हणजे ब्लॉकपासून डॅशबोर्डपर्यंत बारीक नळीने ऑइलच येते आणि तबकडीमागची वाकडी पोकळ नळी दाबाने सरळ होऊ पाहते. फ्रेंच अभियंता यूजीन बूर्दों याने १८४९ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना आजही जशीच्या तशी वापरात आहे. तिचा बिघाड समजायला सोपा असतो. काटा सुस्तपणे चढत असेल तर नळीत हवा किंवा गाळ आहे, अथवा नळी कुठेतरी दबली आहे. दाब नसतानाही काटा शून्यावर येत नसेल तर आतली नळी एकदा जास्त दाबाने कायमची वाकली आहे आणि तो गेज बदलण्याखेरीज उपाय नाही. नळीत अडकलेली हवा काट्याला उशीर लावते, पण थोडा वेळ थांबल्यावर दिसणारा आकडा बरोबरच असतो, हे येथे ध्यानात ठेवावे. तांब्याच्या नळीला मात्र कंपनाने चिरा जातात आणि मग गरम ऑइल कॅबिनमध्ये उडू शकते, म्हणून ती कुठे पत्र्याला घासते आहे का हे हाताने चाचपून पाहावे.

विजेच्या गेजमध्ये ब्लॉकवर सेंडर बसवलेला असतो. आतला पडदा दाबाने हलतो, त्याबरोबर विजेचा रोध बदलतो आणि त्या रोधानुसार काटा फिरतो. यातही दोन जाती आढळतात. एकीत तापून वाकणारी दुहेरी धातूची पट्टी असते. या गेजचा काटा किल्ली फिरवल्यावर सावकाश चढतो आणि वीज तोडली तरी सावकाशच उतरतो, म्हणून तो झटके देत नाही. दुसऱ्या जातीत चुंबकीय गुंडाळ्या असतात आणि तिचा काटा चपळ असतो.

काही गाड्यांच्या बाबतीत मात्र वेगळाच घोटाळा आहे. फोर्डच्या पिकअप ट्रकमध्ये १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून गेज दिसायला पूर्ण तबकडीचा ठेवला गेला, पण ब्लॉकवर खऱ्या सेंडरऐवजी साधा स्विच बसवला गेला. दाब किमान मर्यादेच्या वर असेपर्यंत असा काटा मधोमध स्थिर उभा राहतो. आपला काटा थंड-गरम, आयडलिंग-रेस अशा सर्व स्थितींत तसूभरही हलत नसेल तर तो बिघडलेला नसून मुळात असाच बनवलेला असण्याची शक्यता आधी तपासावी. असा काटा फार तर लाल दिव्याइतकेच सांगतो.

वायर काढून पाहणे

सेंडर एका वायरीचा असेल तर ही चाचणी दहा मिनिटांत होते. ट्रक सपाट जागी उभा करावा, गिअर न्यूट्रल ठेवून हँडब्रेक ओढावा, चाकांखाली अडसर लावावेत आणि कॅबिन पुढे कलणारे असेल तर त्याचा लॉक पक्का बसल्याची खात्री करावी. इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवावी, सेंडरवरील वायर काढून मोकळी धरावी आणि काटा कुठे जातो ते कोणाला तरी पाहायला सांगावे. मग तेच टोक इंजिनाच्या स्वच्छ, रंग नसलेल्या धातूला क्षणभर टेकवावे आणि काटा पुन्हा पाहावा. दुहेरी पट्टीच्या गेजला काटा चढायला काही सेकंद लागतात, पण वायर जास्त वेळ टेकवून ठेवली तर त्याची गुंडाळी जळू शकते, म्हणून मध्ये छोटा टेस्ट लॅम्प घेणे चांगले.

काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरला तर गेज, त्याचा पुरवठा आणि सेंडरपर्यंतची वायर ही तिन्ही ठीक काम करत आहेत, आणि संशय सेंडरवर, इंजिनाच्या अर्थिंगवर किंवा खऱ्या दाबावर येतो. काटा अजिबात हलला नाही तर हाच प्रयोग गेजच्या मागच्या टर्मिनलवर करावा. तिथे काटा हलत असेल तर वायर मध्येच तुटलेली किंवा कुठेतरी बॉडीला लागलेली आहे, आणि तिथेही हलत नसेल तर गेज अथवा त्याचा पुरवठा गेला आहे.

काटा कोणत्या बाजूला जातो हे सेंडरच्या जातीवर ठरते, आणि माझ्या मते साऱ्या तपासणीतील सर्वांत कमी लक्ष दिली जाणारी गोष्ट हीच आहे. एका प्रचलित प्रकारात दाब शून्य असताना रोध १० ओहम असतो आणि पूर्ण दाबाला १८० ओहमच्या आसपास जातो. दुसऱ्या प्रकारात, जो अमेरिकी बनावटीत जास्त आढळतो, शून्य दाबाला २४० ओहम आणि पूर्ण दाबाला ३३ ओहम असा उलटा क्रम असतो. पहिल्या प्रकारात वायर मोकळी ठेवली की काटा पूर्ण दाबाकडे जातो आणि बॉडीला टेकवली की शून्यावर येतो, तर दुसऱ्यात नेमके याच्या उलट घडते.

आता गंजलेले टर्मिनल किंवा सैल अर्थिंग काय करते, तर परिपथात जादा रोध घालते. २४० ते ३३ च्या गेजवर या जादा रोधामुळे दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो, आणि तोही वरच्या बाजूला जास्त चुकतो, कारण ३३ मध्ये २० ओहम मिळवणे आणि २४० मध्ये २० मिळवणे यांत मोठा फरक आहे. अशा वेळी चालक घाबरतो, पण इंजिन सुरक्षित असते. १० ते १८० च्या गेजवर मात्र तोच गंज दाब खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो, आणि तुटलेली वायर तर काट्याला थेट वर नेऊन ठेवते. म्हणजे इंजिनात दाब नसतानाही डॅशबोर्डवर सारे उत्तम दिसते. आपला गेज या १० ते १८० च्या गटातला असेल तर वर गेलेल्या काट्याकडेही खाली गेलेल्या काट्याइतक्याच संशयाने पाहावे. त्याचप्रमाणे नवा सेंडर घेताना नुसती आट्यांची जुळणी न पाहता ओहमची जातही जुळवावी. चुकीच्या जातीचा सेंडर बसवला की काटा उलटा चालतो किंवा अर्ध्यातच अडकतो, आणि मग माणूस नव्या सेंडरवर भरवसा ठेवून इंजिनात दोष शोधत बसतो.

दोन टर्मिनलांच्या सेंडरमध्ये एक टर्मिनल गेजचे आणि दुसरे लाल दिव्याचे असते. व्हीडीओ (VDO) कंपनीच्या बनावटीच्या सेंडरवर गेजच्या टर्मिनलपाशी ‘जी’ (G) आणि दिव्याच्या टर्मिनलपाशी ‘डब्ल्यूके’ (WK) ही अक्षरे कोरलेली असतात. एखाद्या दुरुस्तीनंतर काटा टोकाला आणि दिवा विचित्र वागू लागला असेल तर आधी या दोन वायरींची अदलाबदल झाली आहे का ते पाहावे. दिवा आणि काटा दोन्ही एकाच सेंडरवर चालत असतील तर त्यांचे एकमत दोन वेगळ्या साक्षींइतके भक्कम नसते, हेही लक्षात असू द्यावे.

अर्थिंग तपासण्यासाठी मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून एक टोक सेंडरच्या अंगाला आणि दुसरे थेट बॅटरीच्या ऋण टोकाला लावावे, आणि इंजिन चालू ठेवून सर्व दिवे लावावेत. तारा पंखा व पट्ट्यांपासून दूर ठेवाव्यात. आकडा ०.२ व्होल्टच्या वर जात असेल तर इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी काढून, दोन्ही टोके घासून पुन्हा आवळावी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे ही पट्टी तुटली की वीज भलत्याच वाटेने, कधी ॲक्सिलरेटरच्या केबलमधून, परत जाते. सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे जाड थर असतील तर सेंडरचे अंग आणि ब्लॉक यांच्यामधला रोधही मोजावा. आटे बहुधा टेप कापून धातूला लागतात, पण नेहमीच लागतात असे नाही.

वायर काढलेली असतानाच सेंडरच्या टोकाकडे नीट पाहावे. टर्मिनलभोवती किंवा कनेक्टरच्या आत ऑइल झिरपलेले असेल तर आतला पडदा फाटला आहे, आणि त्या सेंडरचे पुढे काही मोजत बसू नये.

स्वतंत्र गेज लावणे

वायरीची चाचणी काहीही सांगो, खरा दाब मोजल्याशिवाय निदान पुरे होत नाही. त्यासाठी ० ते ७ बार किंवा ० ते १०० पौंड मापाचा यांत्रिक गेज, गरम ऑइल व दाब सहन करणारा होज आणि योग्य आट्यांचा अडॅप्टर लागतो. येथे आट्यांबाबत सावध राहावे. एक अष्टमांश इंची एनपीटी (अमेरिकी पद्धतीचे) आणि एक अष्टमांश इंची बीएसपी (ब्रिटिश पद्धतीचे) हे पाइपचे आटे दिसायला जवळजवळ सारखे असतात, पण पहिल्यात इंचाला २७ आणि दुसऱ्यात २८ आटे असतात, तसेच त्यांचे कोनही अनुक्रमे ६० व ५५ अंश असे वेगळे असतात. एकात दुसरा हाताने दोन-तीन फेरे जातो आणि मग पाना लावून जोर दिला की ब्लॉकमधले आटे जातात. मेट्रिक गाड्यांत एम १० बाय १ किंवा एम १४ बाय १.५ असे आटे आढळतात. हाताने सहज चार-पाच फेरे जात नसेल तर थांबून आटे मोजावेत.

सेंडर गरम इंजिनावर काढू नये. तो काढल्यावर त्याच्या तोंडाशी गाळ साचला आहे का ते पाहावे, कारण काही इंजिनांत सेंडरखाली बारीक जाळी असते आणि ती चोंदली की दाब ठीक असूनही सेंडरपर्यंत पोहोचत नाही. जनरल मोटर्सच्या ५.३ लिटर व्ही-८ इंजिनात हा दोष प्रसिद्ध आहे.

गेज जोडल्यावर इंजिन सुरू करून गळती पाहावी आणि थंड आयडलिंगचा आकडा लिहून घ्यावा. नंतर गाडी भारासहित वीस-तीस मिनिटे चालवून ऑइल खरोखर तापू द्यावे. पाण्याचा काटा नेहमीच्या जागी आला म्हणजे ऑइलही तापले असे नसते. ते बरेच मागाहून तापते, आणि नुसते उभ्या गाडीत पुरेसे तापतही नाही. होज एग्झॉस्ट, पंखा आणि चाके यांपासून दूर बांधावा, आणि गेज काचेच्या बाहेरच्या बाजूला, चालकाला दिसेल असा पक्का करावा. गरम ऑइलाने भरलेला तात्पुरता होज कॅबिनमध्ये आणू नये. मग गरम आयडलिंगला, साधारण १५०० फेऱ्यांना आणि पूर्ण वेगाच्या जवळ असे आकडे घेऊन डॅशबोर्डच्या काट्याचे आकडे त्यांच्याशेजारी लिहावेत. सेंडरसाठी टी-जोड लावून दोन्ही एकाच वेळी पाहता आले तर उत्तमच.

बरोबर आकडा कोणता, याचे उत्तर त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्येच शोधावे. दर हजार फेऱ्यांमागे १० पौंड हा जुना ठोकताळा पेट्रोल इंजिनांतून आला आहे आणि जड डिझेल इंजिनाला तो तसाच लावणे योग्य नाही. तुलना करताना एककेही जपावीत. १ बार म्हणजे १४.५ पौंड आणि १०० किलोपास्कल होतात, तर प्रति चौरस सेंटिमीटर १ किलो म्हणजे १४.२ पौंड. त्यामुळे बार आणि किलो यांतला फरक रोजच्या कामात सोडून देता येतो, पण पौंडाचा आकडा किलोपास्कलच्या तबकडीवर वाचला की सगळाच गोंधळ होतो.

स्वतंत्र गेज आणि मॅन्युअल जुळले, पण डॅशबोर्डचा काटा वेगळे सांगत असला, तर दोष सेंडर, वायर किंवा गेजमध्येच आहे. आता इंजिन चालू ठेवून, वायर काढलेल्या सेंडरचा रोध मोजावा आणि दाबाबरोबर तो सलग बदलतो का ते पाहावे. मध्येच आकडा तुटत असेल किंवा उड्या मारत असेल तर आतला रोध झिजला आहे. सेंडर सुरळीत असेल तर त्याच्या जागी ज्ञात मूल्याचे रोधक वायरीला जोडून गेज तपासावा. १० ते १८० च्या गेजला १० ओहमवर शून्य आणि १८० वर पूर्ण दाब दाखवता आला पाहिजे. तो दाखवत नसेल तर तबकडीमागचे नट, छापील परिपथाचे तडे आणि स्टॅबिलायझर पाहून मगच गेज बदलावा.

स्वतंत्र गेजही कमी दाब दाखवत असेल तर काटा खरे बोलत होता. मग शोध स्वस्तापासून महागाकडे न्यावा. ऑइलची पातळी, ग्रेड आणि वास पाहावा. पातळी आपोआप वाढत असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर इंधन मिसळून ऑइल पातळ झाले आहे. त्यानंतर फिल्टर, रिलीफ व्हॉल्व्हचा अडकलेला प्लंजर, पंपाची जाळी, आणि शेवटी पंप व बेअरिंगे हा क्रम ठेवावा. पंप दाब नव्हे तर प्रवाह देतो आणि दाब त्या प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्यातून तयार होतो, म्हणून झिजलेल्या बेअरिंगांवर नुसता नवा पंप बसवून गरम आयडलिंगचा आकडा फारसा सुधारत नाही.

नवा सेंडर बसवताना तो लांब पितळी निपलच्या टोकाला लटकवू नये, कारण त्याच्या वजनाने आणि कंपनाने निपल मुळाशी तुटते व ऑइल वेगाने बाहेर पडते. जागा कमी असेल तर सेंडर चासीवर ब्रॅकेटने बसवून होजने जोडावा आणि मग त्याच्या अंगाला अर्थिंगची वेगळी वायर द्यावी, कारण होजमधून वीज जात नाही. सर्व जोडल्यावर स्वतंत्र गेज शेवटचा एकदा लावून थंड व गरम आकड्यांची डॅशबोर्डच्या काट्याशी जुळणी करावी. तो कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवला की पुढच्या वेळी काटा हलला तर तो किती हलला, हे अंदाजाने सांगावे लागत नाही.